सात नंबरची इमारत आणि सव्वासहा इंचांचा प्रश्न

११ सप्टेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कमध्ये तीन गगनचुंबी इमारती पडल्या. जुळ्या मनोऱ्यांवर विमानं आदळली, ते जगाने पाहिलं. तिसरी, वर्ल्ड ट्रेड सेंटर सात, ४७ मजली. तिच्यावर विमान आदळलं नाही. ती दिवसभर जळत राहिली आणि संध्याकाळी ५ वाजून २० मिनिटं ५२ सेकंदांनी खाली बसली. माणसं आधीच बाहेर काढली होती, त्यामुळे आत कुणी दगावलं नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके आणि तंत्रज्ञान संस्थेने, म्हणजे निस्टने, नोव्हेंबर २००८ मध्ये तिच्यावरचा अंतिम अहवाल दिला. कारण: आग.

या अहवालावर शंका घेणाऱ्यांचे व्हिडिओ मराठी व्हॉट्सॲप ग्रुपांवरही फिरतात. लाल वर्तुळं, बाण, आणि खाली ‘जरा विचार करा’. विचार जरूर करावा. अहवालात शंका घेण्यासारख्या जागा खरोखरच आहेत. फक्त लाल वर्तुळं त्या जागांवर नसतात. खरी जागा ७९ नंबरच्या कॉलमजवळ, एका गर्डरच्या, म्हणजे मोठ्या आडव्या तुळईच्या, टोकाखालच्या बारा इंची प्लेटवर आहे. तिथपर्यंत पोहोचायचं तर आधी इमारतीचा सांगाडा समजून घ्यावा लागतो.

इमारत १९८७ ची. उंची सुमारे १८६ मीटर. प्लॅन समलंब चौकोनी: उत्तरेची बाजू सुमारे १०० मीटर, दक्षिणेची ७५. खाली कॉन एडिसन या वीज कंपनीचं जुनं सबस्टेशन होतं आणि इमारत त्याच्या डोक्यावर उभी केली होती. वरचे कॉलम आणि खालचा पाया एका रेषेत येत नव्हते, म्हणून पाचव्या ते सातव्या मजल्यांदरम्यान ट्रान्सफर ट्रस आणि गर्डर घालून भार फिरवला होता. बाहेरच्या कडेला ५८ कॉलम, आत २४. आतल्यांपैकी पूर्वेकडचे ७९, ८० आणि ८१ हे तीन जास्त बोजा घेणारे, कारण त्या बाजूला ऑफिसची जागा मोकळी ठेवण्यासाठी मोठे स्पॅन, म्हणजे आधारांमधली मोठी अंतरं, सोडले होते. मजल्याची बांधणी नेहमीची: स्टीलचे बीम, वर डेक शीट, त्यावर काँक्रीटचा स्लॅब, आणि दोघांना एकत्र धरणारे शिअर स्टड.

आता तो गर्डर. कॉलम ७९ पासून उत्तरेच्या भिंतीतल्या कॉलम ४४ पर्यंत जाणारा, सेक्शन डब्ल्यू ३३x१३०, म्हणजे साधारण ३३ इंच खोल आणि फुटाला १३० पौंड वजनाचा. त्याला पूर्वेकडून पाच लांब बीम येऊन मिळत होते, प्रत्येकी सुमारे ५३ फूट, म्हणजे १६ मीटरच्या आसपास. पश्चिमेकडून त्यांच्या समोरासमोर बीम नव्हते. हे लक्षात ठेवा. दोन्ही बाजूंनी बीम असते तर एकाच्या प्रसरणाला दुसऱ्याने टेकू दिला असता. इथे ढकलणारे होते, अडवणारं कुणी नव्हतं. गर्डरचं टोक कॉलमला जोडलेल्या सीटवर, म्हणजे आधाराच्या प्लेटवर, ठेवून मोजक्या बोल्टांनी पकडलेलं होतं. असा सांधा खाली जाणारा भार उत्तम घेतो. आडव्या ढकलीचा हिशोब त्या काळी कुणी मांडत नसे.

त्या दिवशी सकाळी १० वाजून २८ मिनिटांनी उत्तरेचा मनोरा पडला. त्याच्या मलब्याने सातच्या दक्षिण आणि पश्चिम अंगाचे सात बाहेरचे कॉलम तुटले आणि दहा मजल्यांवर आग लागली. त्यातल्या ७, ८, ९, ११, १२ आणि १३ या मजल्यांवर ती आटोक्याबाहेर गेली. खालच्या वीस मजल्यांच्या स्प्रिंकलरना पाणी शहराच्या मुख्य वाहिनीतून थेट येत होतं, आणि त्या वाहिन्या मनोऱ्यांखाली फुटल्या होत्या. एकविसाव्या मजल्यापासून वर टाक्यांचा आधार होता, पण आग तिथे नव्हती. सात तास आग कुणी विझवली नाही, कारण विझवायला पाणीच नव्हतं. माझ्या दृष्टीने त्या इमारतीचा निकाल इथेच बराचसा लागला होता.

निस्टची गोष्ट थोडक्यात अशी. जळत होतं ते ऑफिसमधलं सामान: कागद, फर्निचर, पार्टिशन. बहुतेक मजल्यांवर चौरस मीटरला २० किलो, ११ आणि १२ व्या मजल्यावर ३२ किलो धरलं. एका जागी आग वीस ते तीस मिनिटं टिकून पुढे सरकत होती. कॉलमचं तापमान ३०० अंश सेल्सिअसच्या आतच राहिलं, म्हणजे ते वितळणं सोडाच, नरमलेही नव्हते. पण मजल्याचे बीम बारीक सेक्शनचे, त्यांना तापायला वेळ लागत नाही. ते काही ठिकाणी ६०० अंशांपर्यंत गेले. तापलेले बीम लांबले. आधी शिअर स्टड तुटले, मग बीमनी गर्डर पश्चिमेकडे ढकलला, बोल्ट कापले गेले आणि १३ व्या मजल्याचा गर्डर सीटवरून घसरला. तो मजला खाली पडला, त्याने खालचे मजले पाचव्यापर्यंत नेले, आणि कॉलम ७९ नऊ मजल्यांच्या उंचीत आजूबाजूच्या आधाराविना उघडा पडून वाकला. त्याच्या डोक्यावरची छतावरची खोली, म्हणजे पूर्वेचं पेंटहाउस, आत गेलं. मग पडझड पश्चिमेकडे आतल्या आत सरकत गेली आणि शेवटी बाहेरचं कवच एकदम खाली आलं.

थोडक्यात, अहवाल स्टील वितळल्याचं म्हणतच नाही. ‘ऑफिसच्या आगीत स्टील वितळत नाही’ हा आक्षेप ज्या अहवालावर घेतला जातो, त्यात तो दावा नाही. दावा प्रसरणाचा आहे, आणि प्रसरण ४०० अंशांच्या आतही पुरेसं होतं.

पुरेसं म्हणजे किती? आता हिशोब करून पाहू.

कार्बन स्टीलच्या तापीय प्रसरणासाठी युरोपच्या संहितेतलं सूत्र वापरलं तर ४०० अंशांना एका मीटरमागे साधारण ५.२ मिमी वाढ मिळते, ६०० अंशांना साधारण ८.४ मिमी. बीमची लांबी १६.१५ मीटर. म्हणजे ४०० अंशांना ८४ मिमी, ६०० अंशांना १३६ मिमी. इंचांत ३.३ आणि ५.३५. ही वाढ बीमला पूर्ण मोकळीक दिली तरची. प्रत्यक्षात स्लॅब धरून ठेवतो, बीम खाली झोल घेतो, त्यात काही वाढ खर्ची पडते.

निस्टने आधी सांगितलं की गर्डर सीटवरून पडायला ५.५ इंच सरकणं पुरेसं आहे, कारण सीट ११ इंच रुंद आहे. टीकाकारांनी फॅब्रिकेशन ड्रॉइंग काढून दाखवलं की सीट १२ इंचांची आहे. जून २०१२ मध्ये निस्टने दुरुस्ती काढली: सीट १२ इंच, सरकायचं अंतर ६.२५ इंच, म्हणजे १५९ मिमी. निष्कर्ष तोच ठेवला. वरच्या दोन आकड्यांशेजारी हा ठेवा. ६०० अंशांना मोकळी वाढ १३६, लागणार १५९. तेवीस मिमी कमी पडतात.

खरी शंका इथून सुरू होते, आणि ती फालतू नाही. याला उत्तर असं की गर्डर निव्वळ प्रसरणाने सरकत नाही. तो एका बाजूला कलतो, त्याचं दुसरं टोक कॉलम ४४ पाशी अडकून पिळवटतं, कॉलम ७९ स्वतः थोडा हलतो, बोल्ट तुटल्यावर उसळी बसते. हे सगळं शक्य आहे. पण मग सव्वासहा इंच कुठून किती आले याचा हिशोब दाखवायला हवा, आणि तो बाहेरच्या माणसाला तपासता येत नाही. का, ते पुढे येईल.

दुसरा मुद्दा बीमच्या दुसऱ्या टोकाचा. बीम लांबतो तेव्हा दोन्हीकडे ढकलतो. पूर्वेला इमारतीची बाहेरची भिंत आहे. ती भिंत अजिबात हलत नाही असं धरलं तर सगळी वाढ पश्चिमेला, गर्डरच्या वाट्याला येते. ती दोन इंच बाहेर गेली तर गर्डरचे दोन इंच गेले. अलास्का विद्यापीठाच्या फेअरबँक्स केंद्रातल्या लेरॉय हल्सी यांच्या गटाने २०२० च्या अहवालात याच जागी बोट ठेवलं: त्यांच्या मॉडेलमध्ये बाहेरची भिंत लवचीक धरल्यावर गर्डरचं सरकणं एका इंचाच्याही आत आलं. सीमेवरच्या अटी बदलल्या की उत्तर बदलतं, हे मॉडेल चालवणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं. निस्टने कोणती अट का निवडली हे सांगणं त्यांचं काम होतं.

तिसरा मुद्दा स्टिफनरचा, म्हणजे गर्डर ताठ ठेवणाऱ्या प्लेटांचा, आणि माझ्या मते सगळ्यांत जड हाच. गर्डरच्या टोकाशी वेबच्या, म्हणजे मधल्या उभ्या पट्टीच्या, दोन्ही अंगांना उभ्या प्लेटा वेल्ड केलेल्या होत्या. फ्रँकेल कंपनीच्या ९११४ क्रमांकाच्या ड्रॉइंगमध्ये त्या स्पष्ट दिसतात. निस्टच्या मॉडेलमध्ये त्या नाहीत. विचारल्यावर निस्टचं उत्तर आलं की या प्लेटा वेब चुरगळू नये म्हणून असतात, आमच्या विश्लेषणात वेब चुरगळलंच नाही, म्हणून त्या घ्यायची गरज नव्हती.

हे उत्तर प्रश्नाला बगल देतं. गर्डरचा वेब सीटच्या कडेपर्यंत आला की गर्डर पडला, असं निस्टचं गृहीतक. पण त्या क्षणीही खालच्या फ्लँजची, म्हणजे तळाच्या आडव्या पट्टीची, अर्धी रुंदी, पावणेसहा इंच, सीटवर टेकलेली असते. ती निसटायची तर फ्लँज वर वाकायला हवी. स्टिफनर नसतील तर ती वाकते. स्टिफनर असतील तर फ्लँज आणि वेब एकमेकांना ताठ धरतात, भार फ्लँजच्या कडेकडून उतरत राहतो, आणि गर्डरला सव्वासहापेक्षा बरंच पुढे जावं लागतं. म्हणजे स्टिफनर वेबसाठी आहेत की फ्लँजसाठी, हा प्रश्नच नाही. ते तिथे आहेत, आणि पडण्याचं अंतर त्यांच्यामुळे बदलतं.

आगीच्या वेळेबद्दलही आक्षेप आहे. १३ व्या मजल्याचे बीम तापतात ते १२ व्या मजल्यावरच्या आगीने. टीकाकार फोटो दाखवतात की ईशान्य कोपऱ्यात ती आग पाच वाजायच्या आधीच ओसरली होती. हा आक्षेप मी फार ताणणार नाही. आग पुढे गेली की बीम थंड होताना आखडतात, आणि आखडणारा बीम सांध्याला ढकलण्याऐवजी ओढतो. आगीच्या अभ्यासात कितीतरी सांधे तापताना नाही, थंड होताना तुटलेले आढळतात. उलट त्या जागी गर्डर ओढला जाऊन पडला असेल, तर तो पश्चिमेकडे नाही, पूर्वेकडे पडला असेल. आगच कारण राहील, पहिली पायरी मात्र वेगळी असेल.

आता, हे सगळं तपासून मोकळं व्हायचं तर निस्टच्या इनपुट फाइल लागतात: ॲन्सिस आणि एलएस-डायना या सॉफ्टवेअरमधल्या सांध्यांच्या व्याख्या, बोल्ट आणि स्टड तुटण्याच्या अटी, तापमानाच्या फाइल. अमेरिकेतल्या माहिती अधिकाराच्या कायद्याखाली एका स्ट्रक्चरल इंजिनिअरने त्या मागितल्या. जुलै २००९ मध्ये निस्टच्या संचालकांनी निर्णय दिला की ३,३७० फाइल उघड केल्या तर सार्वजनिक सुरक्षितता धोक्यात येऊ शकते. पडलेल्या, साफ केलेल्या आणि जागेवर नवी इमारत उभी राहिलेल्या इमारतीच्या फाइल! कारण असं दिलं जातं की त्यातून दुसऱ्या इमारती पाडायची युक्ती कळेल. युक्ती अहवालातच लिहिली आहे: मोठा स्पॅन, एका बाजूचे बीम, सीटवरचा सांधा, पाणी बंद. लपवलंय ते फक्त गणित. संशयवादाला एवढं खतपाणी दुसऱ्या कुणीच घातलं नसेल.

पुरावाही हातात नव्हता. सातच्या इमारतीचं ओळख पटलेलं स्टील निस्टकडे आलंच नाही. मलबा घाईने भंगारात गेला. तिन्ही इमारतींच्या परिसरातलं भंगार चीनला गेलं, २००२ च्या सुरुवातीला आपल्या चेन्नई बंदरातही उतरलं. अमेरिकेच्या आपत्ती व्यवस्थापन संस्थेच्या, म्हणजे फेमाच्या, २००२ च्या प्राथमिक अहवालात सातमधल्या म्हणून नोंदलेल्या एका तुकड्याचं परीक्षण आहे, ज्यात गंधकामुळे स्टील गंजून पातळ झालेलं दिसतं. फेमाने पुढच्या संशोधनाची शिफारस केली. निस्टच्या सातच्या अहवालात तो तुकडा धरलेला नाही. त्याच फेमा अहवालाने तेव्हा डिझेलच्या टाक्यांकडे बोट दाखवलं होतं आणि स्वतःच कबूल केलं होतं की आपल्या सर्वांत चांगल्या अंदाजाचीही शक्यता कमीच आहे. निस्टने पुढे डिझेल बाद केलं. पहिला सरकारी अंदाज असा सहा वर्षांत कोलमडला, हेही लोक विसरत नाहीत.

मुक्त पतन हा सगळ्यांत गाजलेला मुद्दा, आणि यात संशय घेणाऱ्यांची सरशी झाली, हे मान्य करायला हवं. ऑगस्ट २००८ च्या मसुद्यात निस्टने म्हटलं होतं की छताची कड १८ मजले खाली यायला ५.४ सेकंद लागले, मुक्त पतनाला ३.९ लागले असते, म्हणजे ४० टक्के जास्त. डेव्हिड चँडलर या शाळेतल्या भौतिकशास्त्राच्या शिक्षकाने व्हिडिओ फ्रेम बाय फ्रेम मोजून दाखवलं की मधला काही काळ इमारत चक्क मुक्त पतनात आहे. सरासरी काढली की तो काळ झाकला जातो. अंतिम अहवालात निस्टने तीन टप्पे मानले: पहिले १.७५ सेकंद संथ, पुढचे २.२५ सेकंद गुरुत्वाच्या प्रवेगाने, सुमारे आठ मजले, ३२ मीटर, आणि मग पुन्हा मंद.

इथे एक गडबड नेहमी होते. २.२५ सेकंदांत थांबलेल्या अवस्थेतून पडणारी वस्तू ४.९ गुणिले ५.०६, म्हणजे सुमारे २४.८ मीटर जाते, ३२ नाही. काही व्हिडिओत हा फरक दाखवून ‘गुरुत्वापेक्षाही जास्त वेग’ असं सांगतात. उरलेले ७.२ मीटर भागिले २.२५, म्हणजे सेकंदाला ३.२ मीटर: पहिल्या टप्प्याच्या शेवटी इमारतीला आलेला वेग. हिशोब जुळतो. जादू नाही.

आठ मजले मुक्त पतन म्हणजे त्या काळात खालून विरोध जवळजवळ शून्य. हे आगीने होऊ शकतं का? आतला सांगाडा आधीच गेला असेल आणि उरलेलं कवच सात ते चौदा मजल्यांदरम्यान वाकलं असेल, तर होऊ शकतं. कॉलम वाकेपर्यंत पूर्ण भार घेतो. वाकल्यावर त्याची ताकद झपाट्याने ढासळते, आणि आठ मजल्यांची आधाराविना उंची म्हणजे तो एखाद्या काडीइतका बारीक. पूर्णपणे शून्य नाही, पण हजारो टन खाली येत असताना व्हिडिओच्या रिझोल्युशनमध्ये दिसणार नाही एवढा. मात्र निस्टच्या स्वतःच्या ॲनिमेशनमध्ये वरच्या मजल्यांचं कवच पडता पडता चांगलंच आत दुमडतं, तर व्हिडिओत उत्तरेची बाजू बऱ्यापैकी ताठ उतरते. मॉडेलही छत हलायला लागल्यानंतर लवकरच थांबवलेलं आहे. पडण्याची सुरुवात कशी झाली याचं ते मॉडेल आहे, पडणं कसं झालं याचं नाही.

बरं, मग स्फोटकं? ही बाजू तितक्याच काटेकोरपणे तपासली पाहिजे, आणि संशयवाद इथेच ढिला पडतो.

इमारत पाडायला काय लागतं हे आता आपल्याकडेही माहीत आहे. २८ ऑगस्ट २०२२ ला नोएडातले सुमारे १०० मीटर उंचीचे जोड मनोरे मुंबईच्या एका कंपनीने पाडले. साडेनऊ हजारांवर भोकं, सुमारे ३,७०० किलो स्फोटकं, महिनोन् महिने तयारी, भिंती आधी फोडलेल्या, कॉलमना जाळी आणि कापड गुंडाळलेलं. त्यानंतर सुमारे महिन्याने पुण्याचा चांदणी चौकातला पूल. २ ऑक्टोबरच्या मध्यरात्रीनंतर सुमारे ६०० किलो स्फोटकं उडवली आणि पूल पूर्ण पडला नाही. उरलेला पोकलेनने तोडावा लागला. म्हणजे ठरवून, उघड्यावर, नकाशे हातात घेऊन केलेलं कामही अर्धवट राहतं.

हे दोन्ही काँक्रीटचे. काँक्रीटला भोक पाडून आत दारू भरता येते. स्टीलला तसं जमत नाही. त्याला बाहेरून लांबट आकाराचे कापणारे चार्ज लावावे लागतात, बहुतेक वेळा आधी गॅसने अर्धा छेद देऊन. कॉलम ७९ चा गाभा डब्ल्यू १४x७३०, त्यावर आणखी जाड प्लेटा. त्या सेक्शनची फ्लँजच १२५ मिमीच्या जवळ. प्लेटांसह फुटाला हजार पौंडांहून जास्त वजन. त्यासाठी आधी कॉलमभोवतीचं फिनिशिंग काढायचं, फायरप्रूफिंग खरवडायचं, चार्ज बसवायचे, वायर ओढायच्या, पुन्हा सगळं झाकायचं, आणि तेही माणसं कामाला येत असलेल्या ऑफिसांत. त्यानंतर ते चार्ज आणि वायरी सात तासांच्या आगीतून शाबूत राहिल्या पाहिजेत. निस्टच्या हिशोबाने एकच कॉलम कापणाऱ्या लहानात लहान चार्जचा आवाजही अर्ध्या मैलावर १३० ते १४० डेसिबल आला असता. असा आवाज कुठल्याच रेकॉर्डिंगवर नाही. आवाज नको म्हणून थर्माइट, म्हणजे प्रचंड उष्णतेने जळून स्टील वितळवणारं मिश्रण, म्हणावं, तर त्या एका कॉलमसाठी किमान १०० पौंड, म्हणजे ४५ किलो, आणि वितळलेला लोंढा उभ्या कॉलमला आडवा चिकटून राहील अशी सोय. शिवाय क्षणाच्या हिशोबात थर्माइट जळत नाही. ५८ बाहेरचे कॉलम एकदम सुटले हे सिद्ध करायला थर्माइट पुढे करणं म्हणजे आपल्याच मुद्द्यावर पाय देणं.

आणि पेंटहाउस. बहुतेक फॉरवर्ड क्लिप कवच हलायला लागतं तिथून सुरू होतात. पूर्ण क्लिप पाहिली तर त्याआधी सुमारे ६.९ सेकंद पूर्वेचं पेंटहाउस आत जाताना दिसतं, बरोबर कॉलम ७९ च्या वर, आणि त्याच्या खाली उभ्या ओळीत खिडक्या फुटतात. एकसंध, एका क्षणात पडलेली इमारत सात सेकंद आधी आतून पोखरत नाही. हल्सींच्या गटाचा निष्कर्ष सगळे कॉलम जवळपास एकाच वेळी गेले असा आहे. गर्डरवरचा त्यांचा टीकेचा भाग मला वजनदार वाटतो, पण हा निष्कर्ष नाही. त्यांनी कॉलम काढून टाकल्यावर इमारत कशी उतरेल ते दाखवलं. कॉलम कशामुळे गेले ते दाखवलेलं नाही. त्या अभ्यासाचा पैसा स्फोटकांचा सिद्धांत मांडणाऱ्या संघटनेनेच दिला होता, हेही निकालाशेजारी लिहायला हवं.

बाकीचे मुद्दे लवकर उरकतो. बीबीसीच्या महिला वार्ताहराने इमारत पडायच्या वीसेक मिनिटं आधी ती पडल्याची बातमी दिली, आणि तिच्यामागे इमारत उभी दिसते. पण अग्निशमन दलाने दुपारीच ती पडणार असं मानून आजूबाजूची जागा मोकळी केली होती. नैर्ऋत्य कोपऱ्यात दहाव्या ते तेराव्या मजल्यांच्या दरम्यान आलेला फुगवटा त्यांच्या नजरेत होता. ‘पडणार’ची ‘पडली’ व्हायला गोंधळलेल्या न्यूजरूममध्ये वेळ लागत नाही. ‘याआधी आगीने कधीच पडली नव्हती’ हेही तसंच. फिलाडेल्फियातली वन मेरिडियन प्लाझा १९९१ मध्ये १९ तास जळून उभी राहिली, खरं आहे. पण तिथे ३० व्या मजल्यावर चालू स्प्रिंकलरनी आग अडवली. माद्रिदच्या विंडसर टॉवरमध्ये २००५ ला वरचा स्टीलचा भाग पडला, काँक्रीटचा गाभा राहिला. तेहरानची १७ मजली प्लास्को इमारत जानेवारी २०१७ मध्ये आगीने पूर्ण कोसळली आणि आत अग्निशामक जवान मरण पावले.

ज्यांना स्फोटकं शोधून काढण्यात सर्वाधिक आर्थिक फायदा होता, तेही त्या वाटेने गेले नाहीत, हे मला फार बोलकं वाटतं. सबस्टेशन गाडलं गेल्यामुळे कॉन एडिसनच्या विमा कंपन्यांनी इमारतीच्या मालकांवर निष्काळजीपणाचा खटला भरला. त्यासाठी नामांकित तज्ज्ञ लावले, स्वतंत्र विश्लेषणं करून घेतली. वाद होता तो डिझाइन आणि आग यांवर. शेवटी २०१३ च्या डिसेंबरमध्ये अपील न्यायालयाने दावा फेटाळण्याचा निर्णय कायम ठेवला.

तेव्हा माझं मत: आगीने पूर्वेकडचे मजले गेले आणि त्याने कॉलम ७९ गेला, इथपर्यंत पुरावा चांगला आहे. तेराव्या मजल्यावरचा तोच गर्डर त्याच दिशेने सव्वासहा इंच सरकून पडला, हे अहवालाने सिद्ध केलेलं नाही, आणि जे आकडे दिले ते आपसात जुळत नाहीत. या दोन वाक्यांत विरोध नाही. पहिल्यातून दुसरं खरं ठरत नाही, दुसऱ्यातून स्फोटकं ठरत नाहीत.

याचा आपल्याकडच्या कामाशीही संबंध आहे. मुंबई-पुण्यातले मनोरे बहुतेक आरसीसीचे, त्यामुळे हा नेमका प्रसंग इथे कमी संभवतो. पण डेक शीटवर स्लॅब घातलेल्या स्टीलच्या इमारती वाढत आहेत. स्टीलच्या बांधकामासाठीचं भारतीय मानक आयएस ८००:२००७, त्याच्या सोळाव्या विभागात आगीची तपासणी आहे ती एकेका मेंबरची: किती तापमानाला ताकद किती उरते, तिथपर्यंत पोहोचायला किती वेळ लागतो. बीम तापून शेजाऱ्याला किती ढकलेल, हे त्या तपासणीत येत नाही. निस्टच्या तेरा शिफारशींपैकी खऱ्या अर्थाने नवी एकच होती, ती याबद्दलची. मोठा स्पॅन एकाच बाजूने गर्डरला मिळत असेल तर हाताने काढायला दहा मिनिटं लागतील असा हिशोब आहे: बीमची लांबी, ५०० ते ६०० अंशांची वाढ, सीटवर टेकलेली लांबी, बोल्टच्या भोकांमधली मोकळीक. वाढ टेकलेल्या लांबीच्या निम्म्यावर गेली तर सीट रुंद करा किंवा गर्डरवर स्टड द्या. सातमधल्या त्या गर्डरवर, निस्टच्या म्हणण्यानुसार, स्टड नव्हते, बीमवर होते.

आणि ज्यांना हा वाद खरोखर मिटवायचा आहे, त्यांनी निस्टकडे एकच मागणी लावून धरावी: १३ व्या मजल्याच्या ईशान्य भागाच्या सांध्यांच्या फाइल द्या. सगळ्या ३,३७० नकोत. तेवढ्यात ९११४ ड्रॉइंगमधले स्टिफनर घालायचे, सीट १२ इंचांची करायची, पूर्वेच्या भिंतीला तिचा खरा ताठपणा द्यायचा, तापवायचं आणि थंडही करायचं. आजच्या साध्या वर्कस्टेशनवर हे काम काही दिवसांत होईल. गर्डर पडला तर निस्टची पहिली पायरी बरोबर. नाही पडला, तर कुठला सांधा आधी जातो ते त्याच रनमध्ये दिसेल.